उन्हाळ्यात रांधताना: आज आंबट कशाचं?

"मावशी, पाऊण तास झाला, डाळ शिजतच नाहीये गं."

"कैरी कधी घातलीस?"

"डाळीबरोबरच. कुकरमध्ये."

गेल्या एप्रिलमधला हा फोन. भाचा नोकरीसाठी पुण्यात नवा. खोलीत दोन बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा आणि पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर आत येणारं ऊन. आंबटात डाळ शिजत नाही, दाणा आखडून बसतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. मग महिनाभर रोज फोन चालू राहिले. त्यात जे सांगितलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. उन्हाळ्यात पहिल्यांदाच स्वतःपुरतं रांधणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

एरवी आपण सकाळी विचारतो, आज भाजी कसली? चैत्र-वैशाखात विचारायचं, आज आंबट कशाचं? कैरी, ताक, आमसूल, लिंबू. चारांतलं एक ठरलं की ताटातलं बाकीचं त्याच्यामागून येतं. कैरी म्हटलं की वाटली डाळ, भात, काकडी. ताक म्हटलं की कढी-खिचडी आणि भाजलेला पापड. आमसूल म्हटलं की शेवग्याच्या शेंगांची आमटी. उन्हाने भूक मरते आणि आंबटाने ती जागी होते, हे खरं कारण. पण एका ताटात एकच मुख्य आंबट ठेवा. कैरीची डाळ आणि सोलकढी एकत्र वाढली की दोन्हीची चव जाते.

मापांचं एवढंच: वाटी म्हणजे घरातली आमटीची वाटी, साधारण १५० मिलिलिटरची. चमचा म्हणजे पोहे खायचा.

पहिली पायरी: मंडई

सकाळी नऊच्या आत जा. उन्हं वर आली की पालेभाजी माना टाकते आणि विक्रेते तिच्यावर पाणी मारत बसतात. ती ओली गड्डी पिशवीतच कुजते. तसंही उन्हाळा हा पालेभाज्यांचा हंगाम नव्हे. कोथिंबीर, पुदिना आणि मिळाला तर लाल माठ, एवढ्यावर भागवा. हे दिवस शेंगा आणि वेलभाज्यांचे आहेत.

कैरी कडक, हिरवीगार, हातात जड लागणारी घ्या. देठाकडे सुरकुतलेली किंवा बोटाने दबणारी नको. लांबट, टोकाला चोच असलेली ती तोतापुरी. ती आंबटाला कमी असते. फोडी करून तिखट-मीठ लावून खायला उत्तम, पण पन्ह्याला आणि डाळीला मिळमिळीत. त्यासाठी गोलसर, गावठी कैरी मागा. विक्रेत्याला 'पन्ह्याला हवी' म्हटलं की तो बरोबर ती काढून देतो. मार्चमधल्या कैरीची कोय कोवळी असते, सुरी सरळ आरपार जाते. मे महिन्यात बाठा घट्ट होतो आणि सुरी घसरते, तेव्हा बाठ्याच्या कडेकडेने कापा.

दुधीला नख लावून बघा, सहज रुतलं तर कोवळा. शेवग्याची शेंग हिरवी, मध्यम जाडीची, वाकवली तर थोडी लवणारी. आतल्या बिया बाहेरून गाठींसारख्या दिसत असतील तर ती जून झाली. काकडी लहान आणि घट्ट. लिंबं या दिवसांत महाग होतात आणि रसही कमी देतात. कोशिंबिरीत लिंबाऐवजी चमचाभर कैरीचा कीस घाला, पैसे वाचतील आणि चवही वाढेल.

एका माणसाला चार दिवसांसाठी: अर्धा किलो काकडी, चार-पाच शेवग्याच्या शेंगा, एक लहान दुधी, तीन-चार कैऱ्या, एक किलो कांदे, कोथिंबीर, पुदिना, आलं, १०० ग्रॅम मिरच्या. नवशिके नेहमी दुप्पट आणतात आणि रविवारी निम्मं टाकतात.

दुसरी पायरी: घरी आल्यावरची पंधरा मिनिटं

कैऱ्यांचे देठ काढून त्या पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा. देठापाशी चीक असतो. तो राहिला तर घशाला खवखवतं, ओठाला लागला तर कातडी जाते. कोथिंबीर धुऊ नका. मुळं कापून, निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, आठवडा टिकते. कांदे फ्रीजबाहेर, जाळीच्या टोपलीत आणि बटाट्यांपासून लांब.

तिसरी पायरी: घड्याळ

गॅस सकाळी नऊच्या आत बंद झाला पाहिजे. या दिवसांतली शिस्त म्हणाल तर एवढीच. कुकरमध्ये तळाला तुरीची डाळ, तिच्यात चिमूट हळद, हिंग, दोन थेंब तेल, त्यावर भात, आणि सगळ्यात वर एका छोट्या डब्यात, पाणी न घालता, दोन अख्ख्या कैऱ्या. चार शिट्ट्या. एकाच गॅसवर वरण, भात आणि पन्ह्याचा गर. कुकर चढलेला असताना काकडी कापायची, नारळ खवायचा.

उन्हाळ्यात सगळं लवकर आंबतं. हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजवू नका, चार-पाच तास पुरतात. फार वेळ राहिली की पाण्यावर फेस येतो आणि वास लागतो. कडधान्यांचं पाणी एकदा बदला. ओलं खोबरं घातलेली भाजी दुपारपर्यंत संपवा. उरलेला भात आणि आमटी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजे. संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिलेलं वरण 'बघू, चांगलं असेल' म्हणून खाऊ नका.

चौथी पायरी: कैरी

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण कैरी हाताशी आली की अर्धा उन्हाळा जमला.

वाटली डाळ, म्हणजेच आंबेडाळ किंवा कैरीची डाळ, इथून सुरुवात करा. चैत्रात, शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरोघरी ही डाळ आणि पन्हं असतं. पण त्यासाठी हळदीकुंकवाची वाट बघायची गरज नाही. यात शिजवायचं काहीच नाही, गॅस लागतो तो फोडणीपुरता दोन मिनिटं.

एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा. चाळणीत ओतून चांगली अर्धा तास निथळू द्या. हे निथळणं लोक टाळतात आणि मग डाळीचा चिखल होतो. मिक्सरमध्ये दोन हिरव्या मिरच्यांबरोबर, पाण्याचा थेंबही न घालता, बटण चालू-बंद करत जाडसर वाटा. काही दाणे अर्धवट राहिलेच पाहिजेत. त्यात अर्धी ते पाऊण वाटी कैरीचा कीस, मीठ, एक चमचा साखर, मूठभर खोबरं आणि कोथिंबीर. कीस एकदम सगळा घालू नका; आधी अर्धी वाटी घालून चाखा, कारण दोन कैऱ्या सारख्या आंबट नसतात.

आता फोडणी. नवख्यांचं इथेच बिनसतं, म्हणून सावकाश सांगते. दोन-तीन चमचे तेल छोट्या कढल्यात तापवा. एक मोहरी टाकून बघा: लगेच तडकली तर तेल तयार, तळाशी बसून राहिली तर थांबा. मोहरी पूर्ण तडतडू द्या, अर्धवट फुटलेली मोहरी कडू लागते. मग गॅस बारीक, पाव चमचा हिंग, दोन सुक्या मिरच्यांचे तुकडे, गॅस बंद, आणि त्यानंतर हळद. हळद कडकडीत तेलात गेली की करपते आणि सगळ्या पदार्थाला काळपट रंग येतो. ही फोडणी गार होऊ द्या, मगच डाळीवर ओता. गरम फोडणी कच्च्या डाळीला अर्धवट वाफवते आणि तिचा करकरीतपणा जातो. भाज्यांना गरम फोडणी आणि कोशिंबीर-डाळीला गार, एवढं लक्षात ठेवा.

पन्ह्याचा गर सकाळच्या कुकरमध्ये तयार आहेच. साल काढून गर कुस्करा, बाठा पिळून घ्या. एक वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ, पाव चमचा मीठ, चिमूटभर वेलची. गूळ गरम गरातच विरघळतो, वेगळा पाक नको. कैरी फार आंबट असेल तर गूळ दोन वाट्यांपर्यंत जातो. हा गर बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. ग्लासात दोन-तीन चमचे गर आणि माठातलं पाणी. बर्फ घालू नका असं मी म्हणणार नाही, पण माठाच्या पाण्यातलं पन्हं वेगळंच लागतं.

टक्कू, कुणी तक्कू म्हणतं, हा आळशाचा मित्र. एक कैरी आणि एक कांदा किसा, कांद्याचं पाणी हलकं पिळा. दोन चमचे गूळ, अर्धा चमचा तिखट, मीठ, वर गार फोडणी. भाकरीबरोबर, वरणभाताबरोबर, नुसत्या पोळीच्या सुरळीतही चालतं. दोन दिवसांच्या आत संपवा.

मेथांब्याला थोडं शिजवावं लागतं. एक चमचा तेलात मोहरी आणि अर्धा चमचा मेथीदाणे. मेथी लालसर झाली की थांबायचं, काळी झाली तर फेकून नव्याने सुरुवात करायची. त्यात कैरीच्या एक वाटी फोडी, हिंग, हळद, तिखट, अर्धी वाटी पाणी. फोडी मऊ झाल्यावरच पाऊण ते एक वाटी गूळ घाला. आधी घातला तर फोडी कडकच राहतात. हे डाळीचंच दुखणं दुसऱ्या रूपात: आंबट असो की गोड, शिजायचं ते शिजल्यावर घाला. गार झालं की बाटलीत, आठ-दहा दिवसांची सोय.

आणि भाच्याची आमटी? डाळ आधी पूर्ण शिजवून घोटून घ्या. कढईत फोडणी, कढीपत्ता, त्यात कैरीच्या चार-पाच फोडी आणि वाटीभर पाणी घालून पाच मिनिटं उकळा, मग घोटलेली डाळ, गोडा मसाला, गूळ, मीठ. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला नाही, त्यावरून जमली असणार.

पाचवी पायरी: दही आणि ताक

उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं. थंडीसारखं रात्री विरजून झोपलात तर सकाळी जीभ आंबेल असं दही मिळेल. पहाटे उठल्यावर अर्धा लिटर कोमट दुधाला अर्धा चमचा विरजण लावा आणि अकरापर्यंत फ्रीजमध्ये टाका. ऑफिसला लवकर निघणाऱ्यांनी रात्री उशिरा, पाव चमचाच विरजण लावून भांडं पाण्याच्या परातीत ठेवावं.

रोजच्या ताकाला एक भाग दह्याला तीन भाग पाणी. मठ्ठ्यासाठी त्यात किसलेलं आलं, ठेचलेली मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिंग, कोथिंबीर आणि चिमूट साखर. अर्धा तास मुरू द्या. कढी करायची तर दोन वाट्या आंबट ताकाला एक चमचा बेसन आधीच घुसळून घ्या आणि उकळी फुटेपर्यंत सतत ढवळा, गॅस मध्यम. मीठ शेवटी. बेसन विसरलात किंवा ढवळणं थांबवलंत की कढी फुटते. फुटली तरी खाता येते, फक्त कुणाला वाढता येत नाही.

दहीभातासाठी मऊ भात पूर्ण गार करा आणि दह्याच्या दुप्पट दूध घाला, म्हणजे डब्यात दुपारी एकपर्यंत तो आंबत नाही. वर तूप-जिऱ्याची फोडणी किंवा नुसती तळलेली सांडगी मिरची.

सहावी पायरी: कच्चं ते कच्चंच

काकडी सोलताना टोकाचा तुकडा चाखा. कडू असेल तर दोन्ही टोकं जाडसर कापून पुन्हा चाखा, तरी कडू लागली तर टाका. दुधीच्या बाबतीत तर हे सक्तीचंच समजा. कडू दुधी विषारी असतो, त्याने उलट्या-जुलाब होऊन रुग्णालयात जायची वेळ येते. कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघितल्याशिवाय दुधी कढईत घालू नका. 'शिजल्यावर जाईल कडूपणा' असं होत नाही.

खमंग काकडीसाठी काकडी किसायची नाही, चोचवायची: हातात धरून सुरीने उभे-आडवे बारीक घाव घालायचे आणि कापत जायचं. सवय नसेल तर पाटावर बारीक चिरा, बोटं महत्त्वाची. दोन काकड्यांना तीन चमचे दाण्याचं कूट, दोन चमचे खोबरं, चमचाभर कैरीचा कीस, चिमूट साखर, वर तुपाची जिरे-मिरचीची फोडणी. मीठ अगदी पानं वाढताना. आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं आणि कोशिंबिरीची आमटी होते.

सातवी पायरी: शिजवायच्या भाज्या

दुधी आणि पडवळ, दोन्हींना एकच रीत. तासभर भिजवलेली पाव वाटी हरभऱ्याची डाळ फोडणीत परतून, थोडं पाणी घालून अर्धी शिजवायची, मग भाजीच्या फोडी, झाकण, दहा मिनिटं, शेवटी खोबरं-कोथिंबीर. भाजीला स्वतःचं पाणी सुटतं, वरून ओतू नका.

शेवग्याच्या शेंगा बोटभर लांबीच्या कापून, वरचे दोरे ओढून, मिठाच्या पाण्यात आठ मिनिटं उकडा. ते पाणी फेकू नका, त्यातच शिजलेली डाळ आणि तीन आमसुलं घालून आमटी करा.

आठवी पायरी: कोकणातून आलेलं

सोलकढीला १५ आमसुलं दीड वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हाताने कुस्करा आणि गाळा. एका नारळाचं दूध काढा, पहिलं आणि दुसरं. त्यात आमसुलाचं पाणी, ठेचलेली लसणीची एक पाकळी, अर्धी मिरची, मीठ. गरम करायची नाही, फाटते. तांब्या-पितळेच्या, ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवायची नाही. आगळ, म्हणजे कोकमाचा मिठातला रस, मिळालं तर काम आणखी सोपं, पण त्यात मीठ आधीच असतं, वरून घालताना बेतानं.

ओले काजू मार्च-एप्रिलमध्ये कोकणच्या बाजारात वाट्यांनी मिळतात, पुण्या-मुंबईत जरा जपून दाखवल्यासारखे. महाग आहेत, पण वर्षातून एकदा घ्या. सोललेलेच घ्या, हिरव्या टरफलात जे तेल असतं त्याने कातडी भाजते, ते काम सराव असलेल्या हातांचं. सोललेल्या काजूंना कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवलं की पातळ साल सुटते. कांदा परतून, ओलं खोबरं, थोडा मसाला आणि एकच आमसूल. पुरवठ्याला बटाटा घालतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कोवळा फणस, म्हणजे कुयरी, पहिल्याच वर्षी अख्खी आणू नका. विक्रेत्याकडून सोलून, फोडी करून घ्या, आणि हाताला व सुरीला तेल लावल्याशिवाय शिवू नका.

गोव्याकडे पिकलेल्या छोट्या रायवळ आंब्यांचं सासव करतात. आंबे अख्खेच, सोलून, वाटण खोबरं, सुक्या मिरच्या आणि कच्च्या मोहरीचं, वर गूळ. खाताना कोपरापर्यंत ओघळ येतो. जेवायला पाहुणे असतील तर घरचेच असू द्या.

नववी पायरी: आंबा

बऱ्याच घरांत अक्षय्य तृतीयेआधी आंबा खात नाहीत, आणि हिशेबाच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचं आहे, कारण आधीच्या पेट्यांचे भाव ऐकूनच पोट भरतं. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतला हापूस त्यात येतो. पेटीवर काहीही छापलेलं असलं तरी देठापाशी नाक लावून बघा. वास आला पाहिजे.

नवशिक्याने रसासाठी पायरी घ्यावा. स्वस्त, रसाळ, पिळायला सोपा. थोडे कडक आंबे आणून घरी पिकवा: खोक्यात पेंढा किंवा वर्तमानपत्र, आंबे एकमेकांना न चिकटता, वर पुन्हा कागद, आणि रोज एकदा हात घालून बघायचं. याला आढी म्हणतात. कार्बाइडने पिकवलेल्या आंब्यांना कायद्याने बंदी आहे, पण घरच्या आढीत ती शंकाच उरत नाही. पिकेपर्यंत फ्रीज नको. खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा. रसात चिमूटभर मीठ, वर तूप आणि मिरपूड. पुरी तळायचा कंटाळा असेल तर घडीची पोळी. आमरसाच्या दिवशी आंबट कशाचं हा प्रश्न रजेवर.

परदेशात राहणाऱ्यांना गावठी कैरी सहज मिळत नाही. तिथे वसंतात बाजारात येणाऱ्या रुबार्बचे आंबट देठ मेथांब्याला चांगले चालतात. फक्त देठच, पानं विषारी असतात. रुबार्ब कैरीपेक्षा फार लवकर विरघळतो, म्हणून पाणी चार चमचेच घाला.

शेवटची पायरी: मृगाच्या आधी

७ जूनच्या आसपास मृग लागतं. पाऊस पडला की आंब्यात अळी दिसू लागते आणि कैरीही बाजारातून कमी होत जाते. त्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, दोन किलो कैऱ्या आणा. एक किलो किसून, मीठ न लावता, पातळ चपट्या पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाका. एका पिशवीत एका वेळेचाच कीस, कारण वितळलेला पुन्हा गोठवला की पाणचट होतो. उरलेल्यातल्या निम्म्या कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर करा, पण त्यात गूळ आत्ता घालू नका. बाकीच्यांच्या फोडी मिठात घालून काचेच्या बरणीत. मीठ फोडींच्या पाव पट, बरणी आणि हात कोरडे. पहिले चार दिवस रोज एकदा बरणी हलवा. श्रावणात मुगाच्या खिचडीबरोबर त्यातली एक फोड काढा, पाण्याने धुऊन.